धुऊन तोललेलं कापड

"मावशी, कंटेनर अडकला," महालिंगअप्पा फोनवर म्हणाले. "कस्टमवाले म्हणायलेत, कागदावरचं वजन खोटं हाय."

ते वजन मी केलेलं होतं. एकतीस वर्षं मी नांदेडच्या गिरणीत कापड तपासलं. शिक्षण चौथीपर्यंत, पण भिंगाखाली धागे मोजायला तेवढं पुरतं. गिरणी बंद पडल्यावर परभणीला आले. इथले व्यापारी माल घेण्याआधी नमुना मला दाखवतात. माझी चिठ्ठी आजवर कुणी परत केली नव्हती.

अप्पांचं झरीला शिलाई केंद्र आहे. बारा मशिनी, बारा बायका. एका कंपनीच्या कापडी पिशव्यांचं काम त्यांना मिळालं होतं, उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढं. कंपनीनं पसंत केलेलं कापड परदेशातलं होतं. आमच्या शिवारात सगळा कापूस, आणि कापड मात्र जहाजातून यायचं.

बाहेरून माल आणला की तो काय आहे हे कस्टमला लिहून द्यावं लागतं. प्रत्येक मालाचा एक नंबर असतो आणि त्यावर कर ठरतो. सुती कापडाचा नंबर काढताना बघतात, कापूस किती, वीण कसली, कोरं की रंगवलेलं, आणि एका चौरस मीटरला वजन किती. दोनशे ग्रॅमपर्यंत एक नंबर. त्याच्या वर दुसरा.

नमुना मी भिंगातून पाहिला. निव्वळ कापूस, साधी वीण, कोरं. मग तुकडा गरम पाण्यात धुतला, वाळवला, तोलला. एकशे शहाऐंशी ग्रॅम. तसं चिठ्ठीवर लिहिलं आणि अप्पांनी त्यावरून कागद भरले.

त्याच आठवड्यात राधा आली. केंद्रातली सगळ्यात साफ हाताची बाई. दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. यंदा पोरगी दहावीला, म्हणून तिला गाव सोडायचं नव्हतं. मुकादम दारात बसून होता.

"मावशी, कापड येतंय न्हवं? त्याला काय सांगू?"

"येतंय. न्हाई म्हणून सांग," मी म्हणाले.

फोन आल्यावर अप्पा आणि मी डेपोला गेलो. डेपो म्हणजे समुद्र नसलेलं बंदर. कंटेनर रेल्वेनं तिथवर येतो आणि कस्टम तिथंच तपासतं. अधिकारी एक तरुण बाई होती. तिनं प्रयोगशाळेचा कागद पुढे सरकवला. दोनशे पाच ग्रॅम.

मी म्हणाले, तुमचा काटा तपासा. ती रागावली नाही. मला तुकडा दिला, काटा दिला. मी स्वतः तोललं. दोनशे पाच.

मग तो तुकडा मी बोटांत चोळला. बोटांना पांढरी भुकटी लागली, आणि मला कळलं. विणताना धागा तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. कोऱ्या कापडात ती तशीच राहते आणि तिचं वजन असतं.

"आजी, तुम्ही धुऊन तोललं का?" बाईनं विचारलं.

"धुऊनच तोलतात. खळ म्हणजे काय कापड न्हाई."

"गिरणीत असेल. इथं माल ज्या अवस्थेत देशात येतो त्याच अवस्थेत तोलतात."

अप्पा माझ्याकडे बघत नव्हते. मी म्हणाले, चूक माझी, तसं लिहून घ्या. तिनं लिहून घेतलं, अंगठ्याचं पॅड पुढे केलं. मी सही केली. मग ती म्हणाली की कागदांवर सही अप्पांची आहे, तेव्हा जबाब त्यांनीच द्यायचा. वजन मुद्दाम कमी दाखवलं नाही हे सिद्ध करायचं. पुन्हा नमुना, पुन्हा प्रयोगशाळा, सुनावणी, दंड.

परतताना अप्पा गाडीत एकच वाक्य बोलले. "मावशी, मला तरी विचारायचं व्हतं." काय विचारायचं होतं, ते त्यांनाही माहीत नसावं.

दसरा झाला, दिवाळी झाली. कंपनीनं थोडं थांबून काम दुसरीकडे दिलं. कापड संक्रांतीनंतर सुटलं. अजून अप्पांच्या गोदामात आहे. माल चांगला आहे, त्यात खोट नाही.

राधा दिवाळीनंतर गेली. मी झरीला गेले तेव्हा ट्रक भरत होता. भांडी, सरपण, एक शेळी. पोरगी वर बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ. दप्तर दिसलं नाही. मी विचारलंही नाही.

"मुकादमानं लय लांबची तोड दिली," राधा म्हणाली. "आधी न्हाई म्हनलं न्हवं, त्याचा राग."

मग पुढे म्हणाली, "तुमी तरी काय करता मावशी. तुमी धुऊन बघितलं." आणि चढली.

आता मी कापड दोनदा तोलते, आलं तसं आणि धुतल्यावर. चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहिते. नंबर कोणता ते ज्याचं त्यानं कस्टमला विचारावं. आणि मुकादमाला काय सांगायचं, हे मी कुणाला सांगत नाही.