न लागलेला पिक्चर

अजून प्रदर्शितच न झालेल्या पिक्चरचा शेवट मी चारचौघांना सांगितला, आणि तोही डोळे पुसत.

दसरा सरून दिवाळी तोंडावर आली होती. मेडशीच्या आसमंतात सोयाबीन मळून उरलेल्या कुटाराचा कोरडा, घशाशी रेंगाळणारा गंध भरून राहिला होता आणि उतरत्या उन्हात त्याची धूळ सोनेरी होऊन एसटी स्टँडवर तरंगत होती. शाळा सुटल्यावर अशा वेळी गजाननच्या हॉटेलात बसून कुठला पिक्चर आपटला, कुठला येऊ घातला, याचा निवाडा करणे हा आमचा नित्यनेम. सर्वांत जवळचा पडदा अकोल्याला, म्हणून निवाड्यात अडथळा कसलाच नाही.

त्या दिवशी गजानन म्हणाला, "सर, तो नवा पिक्चर लागला बरं." मी आदल्याच रविवारी चष्म्यासाठी अकोल्याला जाऊन आलेलो. अकोल्याहून पिक्चर न पाहता परतलेल्या माणसाने या बाकावर कोणत्या तोंडाने बसावे? म्हणालो, "पाहिला की." मग एसटीत शेजाऱ्याच्या मोबाईलवर डोकावून पाहिलेल्या ट्रेलरमधल्या दवाखान्याच्या एका दृश्यावरून मी उरलेली सगळी कथा बेतली. नायिका मरते, नायक म्हातारा होतो, आणि रोज संध्याकाळी रिकाम्या ओसरीवर दोन कपांत चहा ओततो. नेमका हा शेवट सांगताना आमचा पोस्टमन सिद्धार्थ बसमधून उतरून बाकाशी येऊन उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी कळले, लागला होता तो पिक्चर नव्हे, पोस्टर, हॉटेलच्याच भिंतीला. त्याच्या खालच्या पट्टीपुढचे गॅसचे सिलिंडर हलले आणि अक्षरे दिसली, 'या दिवाळीत'.

तेव्हापासून मला प्रत्येक चेहरा कटात सामील वाटू लागला. गजानन माझ्याच चहात साखर जास्त का घालतो? "मंग त्या म्हाताऱ्याचं काय झालं, सर?" हे इतक्या भक्तिभावाने रोज का विचारतो? मी पाठ फिरवताच भट्टीमागे खोकतो तो खोकलाच असतो का? आणि सिद्धार्थ, जो एरवी पिक्चरच्या गोष्टीत दुसऱ्याला वाक्य पुरे करू देत नाही, तो तीन दिवस माझ्यासमोर मान खाली घालून बसत होता. म्हणजे सूत्रधार तोच. चौथ्या दिवशी त्याला पिंपळाखाली गाठून मी विचारले, "काहून गप्प हायेस रे? काय ते तोंडावर सांग."

"कायी नाही, सर," तो म्हणाला. "बाबाले त्या पिक्चरले न्यायचं होतं. आई गेल्यापासून ते घराबाहेर निघूनच नाही राह्यले. लय मुश्किलीनं हो म्हणले होते. पण तुमचा शेवट आइकला अन् मीच नाही म्हणून टाकलं. ते दोन कप त्याइले कायले दाखवू?"

पिंपळाची पाने हलत होती, त्यांच्या सावल्या त्याच्या खाकी पिशवीवरून सरकत होत्या. कोणी आपल्यावर संशय घेईल याची मी चार दिवस जय्यत तयारी केली होती. कोणी विश्वास ठेवून बसला असेल, हे डोक्यातही आले नव्हते.

तसाच त्याच्याबरोबर घरी गेलो. बाबा ओसरीवर सुपात मूग निवडत होते. चष्म्यापासून सिलिंडरपर्यंत सगळे सांगितले. ते निवडतच राहिले.

"मंग खरा शेवट काय हाय?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही, बाबा."

ते चिडले होते की मिशीत हसत होते, याचा संशय मला आजही आहे. मग त्यांनी सूप बाजूला सरकवले.

"सिद्धार्थ, दिवाळीत जाऊ आपण. सर, तुमी बी या. तोंड तेवढं घरी ठेवून या."