अंगावर काढलेलं दुखणं

आई सरकारी दवाखान्यात होती तेव्हा टाके घालायचा दोरासुद्धा आम्ही बाहेरून आणून दिला होता. आम्ही धारवाडचे शिंपी. अप्पा सुभाष रोडवरच्या एका दुकानात मजुरीनं शर्ट शिवायचे, घरात दोऱ्याची रिळं पायात यायची, आणि सरकारच्या घरी दोरा नाही! चिठ्ठी आली की पळायचं. हातमोजे, सलाईन, इंजेक्शन, दोरा... एकदा चिठ्ठीतलं सगळं मिळालं नाही म्हणून ऑपरेशन पुढं ढकललं. दुसऱ्यांदा डॉक्टर बदलून गेले म्हणून ढकललं. तिसऱ्यांदा झालं, पण आई घरी आली नाही. त्याच महिन्यात दवाखान्याच्या दारात नवी कमान उभी राहिली, संगमरवरी पाटी बसली, मंत्र्यांनी फीत कापली. सरकारकडं पैसा नव्हता, असं मला कुणी सांगू नये. कमानीला होता.

त्या दिवशी माझा हात धरून अप्पांची थोरली बहीण उभी होती, रुक्माक्का. कमानीकडं बघत ती म्हणाली, "बरं झालं. मढं न्यायला वाट रुंद झाली."

ही अक्का दीड महिन्यापूर्वी गेली. सकाळी चहा घेता घेता, एका झटक्यात. भेटायला आलेले म्हणत होते, फार शांत बाई होती हो. अक्का शांत नव्हती. तिच्या पोटात बारा महिने राग असायचा, आणि त्या रागानं तिनं काय केलं ते लिहून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

पंचविशीत नवरा गेला तेव्हापासून ती आमच्याकडं होती आणि काज-बटण करायची. दुकानांतून शिवलेल्या शर्टांचे गठ्ठे घरी यायचे, त्यांना हातानं काजं करायची, बटणं लावायची. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. मी घरातली पहिली बी.कॉम. झाले तेव्हा गल्लीभर सांगत सुटली, "आमची सुमी इंग्रजीत सही करते!" धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मला नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी मी अप्पांचा आरोग्यविमा काढला. आईसारखं पुन्हा व्हायला नको, एवढंच डोक्यात. फॉर्म मीच भरला, ठळक इंग्रजी अक्षरांत. मागची बारीक अक्षरातली चार पानं वाचली नाहीत. पदवीधर होते ना!

पुढच्या वर्षी अप्पांच्या पोटात कळा सुरू झाल्या. पंधरा दिवसांत त्यांना हुबळीच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. पित्ताशयात खडे होते. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?"

"झाली की दोन वर्षं," अप्पा म्हणाले.

"जास्तच," अक्कानं भर घातली. "अंगावर काढलं, डॉक्टर. हूं का चूं केलं नाही त्यानं."

आमच्यात हे असंच. पंधरा दिवसांत दवाखाना गाठणारा माणूस नाजूक. दुखणं जितकं जुनं सांगाल तितकं माणसाचं वजन वाढतं, आणि डॉक्टरही नीट बघतो, ही समजूत. मी शेजारीच उभी होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर दोन वर्षं लिहिलं.

ऑपरेशन झालं, अप्पा वाचले. मग कंपनीचं पत्र आलं. आजार विमा काढण्याआधीचा आहे, सबब पैसे मिळणार नाहीत. अक्काच्या पाटल्या सराफाकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन कंपनीच्या हुबळीच्या ऑफिसात गेली. काचेचं दार, गार हवा, टाय लावलेला साहेब.

"अज्जी, तुम्हीच सांगितलंय की डॉक्टरांना. हे बघा, लिहिलंय."

"खोटं सांगितलं, साहेब. पंधरा दिवसांचं दुखणं ते. भावाला कुणी नाजूक म्हणू नये म्हणून बोलले."

"म्हणजे खोटी माहिती दिली. मग तर नाहीच मिळत."

"खरं असलं तरी नाही, खोटं असलं तरी नाही?"

"एन माडोदु, अज्जी, काय करणार, नियम आहे."

"मग कशाला मिळतं, तेवढं तरी सांगा. तसं आजारी पडतो."

साहेब हसला. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला. अक्कानं त्याला हात लावला नाही.

परतीच्या बसमध्ये मी रडत होते. उणकलचं तळं मागं पडल्यावर अक्का बोलली, "सुमे, पूस डोळे. ते दुकान आहे. आजाऱ्याला पैसे दिले की दुकानाला खोट. ते कशाला देतील? आपलं आपण काढू, ज्यात कुणाला नफाच नको."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय. महिन्याभरात तिनं काज-बटणवाल्या बायका गोळा केल्या, मग शिंपी. दर महिन्याला प्रत्येकानं थोडं टाकायचं, आजाऱ्याला त्यातून द्यायचं, असा संघ. नोंदणीला गेलो तर कारकुनानं विचारलं, "मालक कोण?"

"सगळे," अक्का म्हणाली.

"नफा?"

"नाही."

"मग चालवता कशाला?"

"तुमचं ऑफिस कशाला चालवतात?" नोंदणीला वर्ष लागलं. माझ्या मते त्या एका वाक्यानं सहा महिने वाढवले.

संघाचे नियम मी लिहिले, पण मुख्य नियम तिचा. कागदावर भरवसा ठेवायचा नाही. दोन बायकांनी आजाऱ्याच्या घरी जायचं, अर्धा तास बसायचं, डोळ्यांनी बघायचं आणि होय की नाही ते तिथंच सांगायचं. दुखणं कधीपासूनचं, हे विचारायचं नाही. मी म्हटलं, "अक्का, अशानं आधीच आजारी असलेले येतील." ती म्हणाली, "मग धडधाकटांसाठी काढायचा काय संघ?"

दुसऱ्या वर्षी तसंच झालं. एक शिंपी सभासद झाला आणि महिन्यातच बायकोच्या गर्भाशयाचं ऑपरेशन घेऊन आला. दुखणं जुनं होतं, त्यानंही लपवलं नाही. अप्पा शिवायचे त्या दुकानामागच्या खोलीत सभा भरली, आरडाओरडा झाला. एवढं दिलं तर हातात काही उरत नव्हतं. मीही उभी राहून म्हणाले, नियम बदला, नाहीतर संघ बुडेल. माझं गणित बरोबर होतं, आजही बरोबर आहे. अक्कानं मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "सुमे, हुबळीच्या त्या साहेबाची खुर्ची तुला बरोबर बसती बघ."

मी उठून निघून आले. खूप लागलं ते... आठ दिवसांनी परत गेले, कारण पावत्या लिहायला दुसरं कुणी नव्हतं. तोवर बायकांनी हात वर करून ठरवलं होतं की तीन महिने सगळ्यांनी दुप्पट टाकायचं. त्या बाईचं ऑपरेशन झालं. पुढं ती कित्येक वर्षं घरोघर जाणाऱ्या दोघींतली एक होती. माझं चुकलं, असं मी अक्काला कधी म्हटलं नाही. तिनंही विचारलं नाही.

परवा पेपरात वाचलं, गरिबांच्या विम्याचा हप्ता आता सरकार खाजगी कंपन्यांना भरणार. म्हणजे आमच्याच करातून टाय लावलेल्या साहेबाचा पगार, आणि सरकारी दवाखान्यात अजून चिठ्ठ्या. अक्का असती तर पेपर चुलीत घातला असता. मी जपून ठेवलाय, कारण मला सरकारला पत्र लिहायचंय, आणि या वेळी बारीक अक्षरं वाचून लिहायचंय.

दुकानामागच्या खोलीत संघ दर सोमवारी बसतो. अक्का गेल्यापासून तीन ऑपरेशनं झाली. तिसरं काज-बटण करणाऱ्या म्हाताऱ्या इरव्वाचं. वय झालंय म्हणून विमा कंपनीनं तिचा फॉर्मच घेतला नव्हता. दोघीजणी तिच्या घरी गेल्या, अर्धा तास बसल्या, होय म्हणून आल्या. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. इरव्वा आता घरी आहे, हिंडते फिरते, नळाचं पाणी स्वतः भरते.