अंगठा कोणी हलवला?

गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर मी घरीच होतो. तेव्हा भाचीचा बंगळूरहून फोन आला. ती तिथे मेंदूवर संशोधन करायची आणि तिला धडधाकट माणसं हवी होती.

"धडधाकट कशाला?" मी विचारलं.

"मेंदू नीट चालतो म्हणजे कसा, तेच आधी कळायला हवं ना, मामा."

पटलं की नाही, सांगता येत नाही. वास्कोला जाऊन गाडीत बसलो खरा. इकडे मुळगावात मात्र माझ्या डोक्यात काहीतरी निघालंय अशी बातमी पसरली.

तिथे भाचीने आधी विचारलं, "पाळी गावच्या खाणीवर होतात, लोखंडाचा कण कधी डोळ्यात गेला होता?"

मी तिथे कारकून. म्हटलं, "धूळ गेली. ती तर सगळ्या पाळी गावाच्याच डोळ्यांत गेली."

ती हसली नाही. चुंबकाजवळ लोखंड धोक्याचं. पुरती खात्री केली, मगच एमआरआयच्या नळीत झोपवलं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर माझा मेंदू दिसला. ओळखीचा वाटला नाही. त्या चित्रावरून जागा हेरून भाचीने चुंबकाचं एक जाड वेटोळं माझ्या डोक्याला डावीकडून टेकवलं. टक् आवाज झाला आणि उजव्या हाताचा अंगठा उडाला. दुखलं नाही.

"मी नाही हलवला," मी घाईने म्हणालो, जणू कोणी आळ घेतला होता.

"माहीत आहे. चुंबकाने हलवला."

असं बराच वेळ चाललं. थांबल्यावर मी म्हटलं, "शेवटचा झटका जोराचा होता हं."

"मामा, शेवटी नुसता आवाज होता. वेटोळं मी बाजूला वळवून धरलं होतं."

"मग अंगठा?"

"तुम्हीच हलवलात."

"छे! मी नाही."

"मग कोणी?"

आवाजाच्या सवयीने असं होतं, असं काहीतरी तिने सांगितलं. मी मान डोलावली, आणि मग तीही मीच डोलावली का, असं वाटून ती ताठ धरली.

घरी पोचताच, डोक्यात काय सापडलं ते बायकोने विचारलं, "कितें मेळ्ळें मात्यांत?"

"कांयच ना." मग अंगठ्याचं सगळं सांगितलं.

"आंगठो तुमचो, तुमीच हालयलो," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी बाहेर बसून अंगठा हलवून पाहिला. हलला. पण हलवायचं कधी ठरवलं, ते काही सापडेना. पुन्हा हलवला. शेवटी आतून हाक आली आणि मी उठलो.