बाद केलेल्या सात फ्रेम

आमच्या हेंद्रेपाड्याच्या घरामागे बारा बाय पंधरा फुटांचं अंगण आहे. तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या, त्यामुळे आकाश फक्त डोक्यावर उरलंय. उत्तरेला अंबरनाथच्या कारखान्यांचा पिवळट उजेड कायम. पण पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या आधीचे सात-आठ दिवस चंद्र उशिरा उगवतो आणि हवा धुतल्यासारखी असते. त्या दिवसांत मी तिथे कॅमेरा लावतो. माझा एवढाच एक छंद.

काम सोपं आहे, चिकाटी लागते. तिपाईवर, म्हणजे छातीएवढ्या उंच ट्रायपॉडवर, एक छोटी मोटर, तिच्यावर सेकंडहँड कॅमेरा. मोटर ताऱ्यांच्या गतीने फिरते. एकेका मिनिटाचे शंभर-सव्वाशे फोटो काढायचे, त्यांना आम्ही फ्रेम म्हणतो. मग कॉम्प्युटरवर ते एकावर एक रचायचे. तेव्हा कुठे देवयानीची दीर्घिका दिसते. बिघडलेल्या फ्रेम रचण्याआधी बाद कराव्या लागतात. मी वही ठेवतो: तारीख, हवा, एकूण किती, बाद किती, का.

गेल्या वर्षीच्या त्या वहीत ‘का’च्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा आहे. दिवा.

आईला विसरायला होत होतं. तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावून ती आत येई, आणि अर्ध्या तासाने पुन्हा निरांजन घेऊन निघे. वृंदावन तिपाईपासून तीन हातांवर. उजेड सरळ लेन्सवर पडे.

“आई, लावलास दिवा. ही तिसरी वेळ.”

“मग विझलेला कसा?”

“तेल संपलं असेल.”

“म्हणजे लावायलाच हवा ना,” ती म्हणे. एकदा थांबून म्हणाली, “समोरच्या बिल्डिंगचा एवढा मोठा फोकस चालतो तुला. माझी वात तेवढी डोळ्यांत जाते.”

तिचं खरं होतं. फोकस अंगणाच्या भिंतीआड राही म्हणून मला चाले, हे मी तिला समजावत बसलो नाही. एका रात्री अकरा फ्रेम गेल्या, दुसऱ्या रात्री चौदा, तिसऱ्या रात्री अठरा. त्या मी लगेच पुसून टाकल्या.

चौथ्या दिवशी बायको उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये बहिणीकडे एका रात्रीपुरती राहायला गेली. फराळाचं दोघी मिळून करणार होत्या. आईमुळे गॅसचा रेग्युलेटर स्वयंपाक आटोपला की बंद करायची घरात सवयच होती, तो मी बंद केला. दिवेलागणीला आईने एकदा दिवा लावला. नंतर काडेपेटी उचलून मी माझ्या खिशात टाकली. आईला काही सांगितलं नाही. पावणेआठला कॅमेरा सुरू केला, मागच्या दाराचा बल्ब मालवला, आणि पुढच्या खोलीत हेडफोन लावून व्हिडिओ बघत बसलो.

त्या रात्री एकशेवीस फ्रेम झाल्या. दिव्यामुळे बाद, शून्य. सात फ्रेममधले तारे हललेले होते, त्या बाजूला काढल्या आणि ‘वारा’ असं लिहिलं. रचल्यावर फोटो इतका स्वच्छ आला की मूळ फाइली, त्या सातही, मी जपून ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासून आई संध्याकाळी अंगणात गेलीच नाही. परत आलेली बायको दिवा लावू लागली. मला वाटलं, जमलं.

माघात आई गेली.

या वर्षी पाऊस उघडल्यावर तो फोटो नव्याने रचावा म्हणून मी जुन्या फाइली काढल्या. सोबत वही उघडली. पानाच्या वर, माझ्याच अक्षरात: ‘वारा: अजिबात नाही’. त्याच पानाच्या खाली: ‘बाद ७, कारण वारा’.

मी त्या सात फ्रेम मोठ्या करून पाहिल्या. एक्कावन्नावीपर्यंत तारे गोल. बावन्नावीत सगळे एकाच बाजूला, तुळशीच्या बाजूला, ओढलेले. पुढे अठ्ठावन्नावीपर्यंत प्रत्येक ताऱ्याला बारीक कापरी रेघ. एकोणसाठावीत पुन्हा गोल, फक्त जागा किंचित सरकलेली. वेळ आठ चाळीस ते आठ सत्तेचाळीस.

वाऱ्याने तिपाई कधी इकडे, कधी तिकडे हलते. एका बाजूला सात मिनिटं कलत नाही. त्याच संध्याकाळी मी अंगणात तिपाई लावली, वरच्या टोकाला हात टेकून मिनिटभर उभा राहिलो आणि ती फ्रेम पाहिली. ओढ तशीच आली. कंप आला नाही. आईचा उजवा हात कापायचा.

म्हणजे त्या रात्री ती अंगणात गेली होती. हातात निरांजन, काडी नाही, गॅस बंद, मागे काळोख. आधाराला जे हाताला लागलं ते धरून ती सात मिनिटं उभी होती. तिने मला हाक मारली असेल का, हे मी कितीदा मनात घोळवलं. माझ्या कानांत हेडफोन होते. त्या फ्रेम पाहिल्यापासून हा प्रश्न मला सोडत नाही.

चार दिवसांनी बायकोला सांगितलं. काडेपेटीचंही. ती चकल्यांचं पीठ मळत होती.

“वारा असेल हो,” ती म्हणाली.

मी वही पुढे केली. तिने पान वाचलं.

“मी कॅम्पातून परत आले ना, तेव्हा आई मला एक बोलल्या होत्या,” ती म्हणाली. “मला वाटलं, त्यांचं नेहमीचंच काहीतरी. म्हणून तुम्हाला सांगितलं नाही.”

“काय?”

“अंगणात कोणीतरी उभा असतो, दिवा लावू देत नाही. मी विचारलं, कोण? तर म्हणाल्या, ओळखीचा वाटतो. हात धरला मी त्याचा, गारठलेला होता. किती विचारलं, पण बोलला नाही.”

तिने पीठ झाकून ठेवलं, हात धुतले, आणि त्या दिवशी चकल्या झाल्या नाहीत.