गाडी रिकामी झाल्यावर

अनसिंगहून वाशीमला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत एक कंडक्टर बाई असायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. तिकीट देताना त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट पाहायच्या, एवढं मात्र लक्षात आहे.

मी वाशीमला रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये नोकरी करते. सोबतची मुलगी बाळंतपणाला गेली आणि तिचंही काम माझ्याकडे आलं. सगळे रिपोर्ट वेळेवर जायचे, पण घरी गेल्यावर कुणाशी बोलायचंही त्राण उरत नसे.

एका सकाळी स्टँडवर सगळे उतरले तरी मी बसूनच होते. बाई शेजारी येऊन बसल्या.

“ताई, आधी गाडी थांबायच्या आत तुमी दारात उभ्या राहत होत्या. आता उतराचं मनच होत नाही तुमचं. कामावर तरास हाय का?”

माझे डोळे भरून आले. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, “लॅबच्या सरांना हे दिसत कसं नाही?”

“काहून दिसन? तुमी सारं काम टायमावर करून देऊन राह्यल्या ना! त्यायले सांगा लागते.”

त्याच दिवशी मी सरांना सांगितलं, एकटीनं होत नाही. ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि नळ्यांना लेबलं लावू लागले.

आता मदतीला नवी मुलगी आहे. ती गप्प गप्प दिसली, की मी हातातलं ठेवून विचारते, “काहून वं, जास्त होऊन राह्यलं का?”