तांब्याची काळी पट्टी

विद्युत्‌ रसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्याला, मग तो कुठल्याही देशाचा असो, विलायतेतली एक संस्था सुवर्णपदक द्यायची. निबंध पाठवायचा आणि सोबत नमुना. मी तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. अकोल्याकडच्या खाऱ्या विहिरीचं पाणी आणून त्यात तांब्याची एक पट्टी ठेवली होती आणि दोन वर्षं तिच्यातून मंद वीज सोडत होतो. तिच्यावर चढलेला काळपट थर, तेच माझं संशोधन.

विलायतेची डाक निघायच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो, तर पट्टी आरशासारखी लखलखत होती. आमच्या म्हाताऱ्या शिपायानं ती देवाच्या ताम्हणासारखी चिंचेनं घासून काढली होती.

"सायेब, विलायतेले असं काळं तांबं पाठोता का? कालेजाची इज्जत जाईन ना!"

मी इतका ओरडलो की शेजारच्या वर्गातली पोरं बाहेर आली. तो शांतपणे म्हणाला, "मंग मले आंधी काहून नाई सांगितलं?" त्यावर मी आणखी ओरडलो.

नमुन्याशिवाय निबंध घेत नसत आणि मुदत संपत आली होती. चरफडत तीच चकचकीत पट्टी पाठवली.

काही महिन्यांनी पत्र आलं. पदक दुसऱ्याला मिळालं होतं. माझ्या निबंधाबद्दल अवाक्षर नव्हतं. मात्र तांबं इतकं स्वच्छ कोणत्या द्रव्यानं केलं, ते अगत्यानं कळवावं, अशी विनंती होती. संतापाच्या भरात मी ते शिपायाला ऐकवलं.

"मंग लिवा ना," तो म्हणाला, "चिंच."