निम्मं आणि तिसरा हिस्सा

निम्मं आणि तिसरा हिस्सा मिळून दोन पंचमांश होतात, असं मी एकदा बायकोला छातीठोक सांगितलं होतं.

ती गेल्यापासून दुपारी डोळा लागला की भवानी पेठेतला आमचा हातमाग ऐकू येतो. तिच्या, म्हणजे गौरव्वाच्या, धाकट्या भावाचं लग्न वळसंगला ठरलं होतं. विणकराची बायको माहेरच्या लग्नात नवऱ्यानं विणलेलंच लुगडं नेसते. नाहीतर बायका विचारतात, नवऱ्याचा हात मोडला काय? आडव्या सुताच्या पेंडीतलं निम्मं अंगाला लागणार, तिसरा हिस्सा पदराला. दोन्ही लाल. आणि लाल रंग सगळा एकाच हंड्यात उतरवायचा, दुसऱ्या हंड्याचा कधी जुळत नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलेला. (तिसरीत दोनदा बसलो, म्हणजे तशी चौथीच.) वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच. पेंडीचे पाच भाग केले, दोन रंगवले.

कौलाच्या फटीतून ऊन लाल सुतावर उतरायचं, ती पायाशी बसून सुताच्या कांड्या भरायची. वाटायचं, हे लुगडं संपूच नये. संपलं ते सूत. पदर लांबच, अंगसुद्धा पुरं झालं नव्हतं.

"अवं, नुसत्या अंगालाच निम्मं लागतंय की. त्यात पदराचं घातल्यावर कमी कसं झालं?"

"हिशेब शाळेतला हाय."

"मग लग्नात शाळाच नेसू व्हय?"

तिनं भाकरीचे सहा तुकडे केले. निम्म्याचे तीन, तिसऱ्या हिश्शाचे दोन. "सहातलं पाच रंगवायचं हुतं." मग तिचे डोळे भरले. "पांढरा पदर घिऊन भावाच्या लग्नात जायाची न्हाय मी."

शेवटी तीच उठली, उरलेलं सूत हळदीच्या पाण्यात बुडवलं.

वळसंगला बायकांनी तिला घेरलं. खाली लाल, वर पिवळंजर्द.

"ही कुटली गं तऱ्हा?"

"आमच्या ह्यांनी मुद्दाम काढलीया," ती डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली.

सासूबाईंनी कापड चाचपलं आणि तसंच लुगडं मला विणायला सांगितलं. ह्या खेपेला मी सहा भाग केले, पाच रंगवले, लाल पदराच्या टोकापर्यंत पुरवला नि ताठ मानेनं घेऊन गेलो.

सासूबाईंनी ते उलटंपालटं करून बाजूला सारलं. "जावईबापू, ह्यात तुमचं डोकं कुटं दिसंना."

गौरव्वा तोंडाला पदर लावून हसत सुटली. उभ्या जन्मात बरोबर हिशेबानं विणलेलं ते माझं पहिलं लुगडं. ते कुणीच नेसलं नाही.